हरकतीचे एकवीस दिवस

२ जानेवारी २०२४ची दुपार. दिलसुखनगरच्या बस डेपोपासून चैतन्यपुरीकडे जाणारा रस्ता मेट्रोच्या खांबांखाली एरवीही तुंबलेलाच असतो. त्या दिवशी मात्र गाड्या पुढे जाण्यासाठी नाही, पेट्रोलसाठी उभ्या होत्या. हैदराबादेत पंपाला बंक म्हणतात. बंकच्या फाटकातून निघालेली रांग कोचिंग क्लासेसच्या पाट्यांखालून वळून गल्लीत शिरली होती. कोणी स्कूटर ढकलत आणली होती, कोणी हातात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेऊन उभा होता. माझ्या पुढचा रिक्षावाला परत फिरला आणि जाता जाता म्हणाला, "खतम बोलके बोर्ड लगा दिये भाई."

तेल संपलं नव्हतं. तेल आणणारे थांबले होते. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारं कलम नव्या भारतीय न्याय संहितेत आलं होतं आणि त्याविरुद्ध ट्रक-टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. काही तासांत शहर धास्तावलं. इथून जवळच्याच चंचलगुड्यात जेवणाचे डबे पोचवणारा एक तरुण घोड्यावर बसून निघाला आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. लोक हसले. त्या पोराला मात्र त्या दिवसाची मजुरी मिळवायची होती. रात्री गृह मंत्रालयाशी बोलणी होऊन संप मिटला आणि दोन-तीन दिवसांत रांगाही विरल्या.

माझ्या डोक्यातून मात्र ती रांग गेली नाही. वीस वर्षं या भागात राहतो, रोज पेट्रोल भरतो, आणि ते इथवर कोणत्या वाटेनं येतं हे मला नीट माहीत नव्हतं. ती वाट शोधायला निघालो, आणि शोध शेवटी सोलापूर जिल्ह्यात माझ्या मामाच्या शेतावर येऊन थांबला.

दिलसुखनगरहून विजयवाड्याचा महामार्ग धरला की एल. बी. नगर, हयातनगर, अब्दुल्लापूरमेट मागे पडतात. चाळीसेक किलोमीटरवर, चौटुप्पलच्या अलीकडे मलकापूर लागतं. विदर्भातलं नव्हे, तेलंगणातलं. इथे इंडियन ऑइलच्या पारादीप-हैदराबाद पाइपलाइनचं शेवटचं टोक आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या पारादीप रिफायनरीतून निघणारी ही लाइन १,२१२ किलोमीटरची आहे. त्यातले ओडिशात ३२९, आंध्रात ७२३ आणि तेलंगणात १६० किलोमीटर. क्षमता वर्षाला ४५ लाख टन. वाटेत विशाखापट्टणम, अच्युतापुरम आणि विजयवाड्याला ती तेल उतरवते आणि उरलेलं इथे आणते.

अशा लाइनमधून एकाच नळीतून पेट्रोल, डिझेल, रॉकेल एकामागून एक ढकललं जातं. मध्ये पडदा नसतो. दोन तेलं जिथे एकमेकांना भिडतात तिथे थोडी सरमिसळ होते. घनता मोजून ती सरमिसळ कधी पोचणार हे नियंत्रण कक्षातले लोक ओळखतात आणि तेवढा माल वेगळ्या टाकीत वळवतात. शेकडो किलोमीटर आलेलं तेल इथे नेमक्या मिनिटाला वेगळं केलं जातं. वर जमिनीवर दिसतात ते फक्त खुणेचे खांब आणि अधूनमधून व्हॉल्व्हचं कुंपण. लाइन वॉकर म्हणून नेमलेली माणसं रोज ठरलेला टप्पा पायी चालून कुठे खोदकाम झालंय का, माती ओली दिसते का, हे बघत जातात. इतकी अवाढव्य यंत्रणा अखेर एका माणसाच्या पायांवर आणि नजरेवर विसंबून आहे, हे मला त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं.

मलकापूरच्या पुढे मात्र टँकरच. नळी बंकपर्यंत येत नाही. म्हणूनच त्या जानेवारीत टाक्यांत तेल असूनही दिलसुखनगर कोरडं पडलं.

हैदराबादकडे येणारी ही एकच लाइन नाही. विशाखापट्टणमहून विजयवाड्यामार्गे सिकंदराबादला येणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची लाइन तिच्याआधीची. कर्नाटकातल्या हासनहून चेर्लापल्लीला स्वयंपाकाचा गॅस आणणारी लाइन झाली, तिला सुमारे २,१७० कोटी लागले. नेल्लूरजवळच्या कृष्णपट्टणम बंदरातून याच मलकापूरला येणारी भारत पेट्रोलियमची ४२५ किलोमीटरची लाइन १,९४० कोटींची.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. पाइपलाइन हवी. ४५ लाख टन म्हणजे घनतेच्या हिशोबानं अंदाजे ५६ लाख किलोलीटर. वीस किलोलीटरचा एक टँकर धरला तर वर्षाला पावणेतीन लाखांहून जास्त फेऱ्या, दिवसाला सुमारे ७७०. लाइन पूर्ण क्षमतेनं वाहिली आणि तेवढं तेल रस्त्यानं आणायचं म्हटलं तर, हा हिशोब. प्रत्यक्षात बरंच तेल रेल्वेनं आणि जहाजानंही येत असतं. तरीही ज्यानं विजयवाडा महामार्गावर रात्री गाडी चालवली आहे त्याला टँकर कमी होण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि टँकरच्या धंद्याचं दुसरं तोंड आपण महाराष्ट्रात पाहिलेलं आहे. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोच्या परिसरात भेसळीचा प्रकार दिसला म्हणून थांबले. तिथेच त्यांना रॉकेल ओतून जिवंत जाळण्यात आलं. मुंबईहून मनमाडला तेल पाइपनं येतं आणि मनमाडहून पुढे टँकरनं जातं. चोरी आणि भेसळीची साखळी उभी राहिली ती मुख्यतः या पुढच्या टप्प्यावर. तेव्हा जमिनीखालची नळी ही रस्त्यावरच्या टँकरपेक्षा एकंदरीत सुरक्षित आणि स्वस्त आहे, यावर माझा वाद नाही.

वाद आहे तो ती मंजूर कशी होते, यावर.

हैदराबादकडे येणाऱ्या लाइन्सचे सोहळे आठवून पाहा. गॅस लाइनचं लोकार्पण आणि कृष्णपट्टणम लाइनची पायाभरणी पंतप्रधानांनी १ ऑक्टोबर २०२३ रोजी महबूबनगरला केली. तेलंगण विधानसभेचं मतदान त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला झालं. पारादीप लाइनचं लोकार्पण ५ मार्च २०२४ला संगारेड्डीला झालं, आणि त्याच महिन्यात लोकसभा निवडणूक जाहीर झाली. सोहळे निवडणुकीच्या तोंडावर व्हावेत यात नवल नाही, सगळेच पक्ष ते करतात. पण पाइपलाइनवर राजकारण्यांचं बोलणं ऐकू येतं ते फीत कापताना. कोणत्या मार्गानं, कोणाच्या शेतातून, कोणत्या मोबदल्यात हे ठरलं तेव्हा विधानसभेत, ग्रामसभेत, चावडीवर काय बोलणं झालं? हे विचारायला मी दिलसुखनगरहून चौटुप्पलच्या बाजूच्या गावांत गेलो, पारावर बसलो, चहा घेतला. तिथे चर्चा होती ती नियोजित प्रादेशिक वर्तुळ रस्त्याची. त्यात जमीन जाते, म्हणून आंदोलनं आहेत, पुढारी येतात. पाइपलाइन म्हटल्यावर लोक खांबाकडे बोट दाखवत आणि गप्प होत. रस्ता जमीन घेतो. नळी जमीन घेत नाही, फक्त तिच्यातला हक्क घेते. हा फरक कागदावर छोटा दिसतो.

या फरकाचा कायदा १९६२चा आहे. आसामात आणि गुजरातेत तेल लागलं होतं. आसामातल्या नाहरकटियाचं कच्चं तेल बिहारमधल्या बरौनीपर्यंत न्यायचं तर हजारावर किलोमीटरची नळी शेतांतून टाकायची होती. एवढी जमीन विकत घ्यायची तर पैसा आणि वर्षं दोन्ही गेली असती. म्हणून संसदेनं वेगळी वाट काढली. जमीन शेतकऱ्याचीच राहील, सरकार फक्त वापराचा हक्क घेईल. देशाला तेल हवं होतं, परकीय चलन नव्हतं. त्या काळाच्या गरजेतून आलेला हा कायदा मला आजही मूळ हेतूनं शहाणा वाटतो. शेत तुटत नाही, नळी पुरली की पुन्हा नांगर चालतो. १९७७ साली त्यात खनिजांच्या नळ्याही आल्या.

पण आतल्या कलमांकडे बघा. केंद्र सरकार राजपत्रात सूचना काढतं. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, आणि समोर हेक्टर, आर, चौरस मीटर असे रकाने. राजपत्र निघतं हिंदी आणि इंग्रजीत. त्यानंतर हरकत घेण्यासाठी एकवीस दिवस. हरकत ऐकतो सक्षम प्राधिकारी, म्हणजे त्याच कामासाठी नेमलेला अधिकारी. मग अंतिम घोषणा होते आणि त्या क्षणी हक्क सरकारकडे, पुढे कंपनीकडे जातो. राहत्या घराखालून, घराला लागून असलेल्या जागेतून किंवा आधीपासून पक्कं बांधकाम असलेल्या जमिनीतून नळी नेता येत नाही आणि ती किमान एक मीटर खोल हवी. म्हणजे कायद्यानंच दिलसुखनगरसारखी दाट वस्ती सुटते आणि नळी मोकळ्या शेताकडे वळते. तेल जळतं शहरात, पट्टा पडतो शेतात.

आणि त्या पट्ट्यावर मालकानं काय करायचं नाही? घर किंवा कोणतंही बांधकाम करायचं नाही. तळं, विहीर, बंधारा खोदायचा नाही. झाड लावायचं नाही. पट्ट्याची रुंदी बहुतेक लाइन्सना साधारण १८ मीटर असते. शेतातून नळी दोनशे मीटर गेली तर ३,६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास छत्तीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर. एखाद्या अल्पभूधारकाची ही जवळपास सगळी जमीन असू शकते.

भरपाई दोन प्रकारची. उभ्या पिकाचं, झाडाचं नुकसान वेगळं मिळतं. वापराच्या हक्कापोटी मिळतात सूचना निघाली त्या दिवसाच्या बाजारभावाचे दहा टक्के. एकदाच. एकराचा भाव वीस लाख धरला तर छत्तीस गुंठ्यांचे झाले अठरा लाख, आणि हक्काचे एक लाख ऐंशी हजार. नळी चाळीस वर्षं वाहो की साठ, पैसे एकदाच.

दुसरीकडे, कंपनीला त्या नळीतून तेल नेण्याचं भाडं वर्षानुवर्षं मिळतं. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ ते ठरवतं, आणि तेलाच्या लाइन्ससाठी त्याचं माप रेल्वेच्या भाड्याच्या ७५ टक्के असं धरलं गेलं आहे. ते भाडं पुढे वाढायला जागा असते. शेतकऱ्याचे दहा टक्के मात्र त्या जुन्या तारखेला गोठलेले. मोबाइलच्या टॉवरसाठी गच्ची दिली तर दिलसुखनगरचा घरमालक महिन्याला भाडं घेतो, करार संपला की वाढवून मागतो. शेतातल्या नळीला भाडं का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला कुठेही मिळालं नाही. या लेखात एकच मागणी करायची असेल तर ती ही करीन: हक्क घ्या, पण वर्षाचं भाडं द्या, आणि ते रेल्वेभाड्याशीच बांधा.

२०१३ साली नवा भूसंपादन कायदा आला तेव्हा संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास, ग्रामसभेचं म्हणणं असे शब्द पहिल्यांदा भूसंपादनाच्या कायद्यात बसले. पण त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात तेरा कायदे बाजूला ठेवले गेले. १९६२चा पाइपलाइन कायदा त्यांतला एक. पर्यावरणाच्या बाजूनंही तीच गत. २००६च्या अधिसूचनेनुसार तेल-वायूच्या नळीला पर्यावरण मंजुरी लागते ती अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, प्रवाळ किंवा संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तर. साध्या शेतातून जाणाऱ्या नळीला नाही. मंजुरी नाही म्हणून जनसुनावणीही नाही. कोकणात नाणार आणि मग बारसूच्या रिफायनरीवर महाराष्ट्रात वर्षानुवर्षं रान पेटलं, युत्या आणि सरकारं त्याभोवती हलली. रिफायनरी एका जागी असते, तिच्याभोवती गर्दी जमते. नळी शेकडो गावांतून एकेक शेत कापत जाते, आणि एकेका शेतकऱ्याची गर्दी होत नाही.

जिथे ती झाली तिथे काय घडलं हेही बघायला हवं.

तमिळनाडूत गेल या सरकारी कंपनीची वायूवाहिनी कोइंबतूर, तिरुप्पूर, ईरोड, नामक्कल, सेलम, धर्मपुरी आणि कृष्णगिरी या सात जिल्ह्यांतून ३१० किलोमीटर जाणार होती. शेतकरी उठले. २०१३ साली जयललितांच्या सरकारनं शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि नळी शेतातून नको, महामार्गाच्या कडेनं न्या, असं गेलला सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयानं राज्याचा आदेश रद्द केला. २ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयातही राज्य हरलं. पेट्रोलियम हा केंद्राचा विषय, तिथे राज्याला नाही म्हणता येत नाही. ही बाब मराठी राजकारण्यांनी समजून घ्यायला हवी. आपल्या आमदाराला पाइपलाइन थांबवण्याचा अधिकार नाही. म्हणून तो फार तर भरपाई वाढवून देण्याचं आश्वासन देतो. मार्गाचा प्रश्न मुंबईत किंवा हैदराबादेत सुटत नाही, आणि दिल्लीत तो कोणी विचारत नाही. महामार्गाच्या कडेनं नळी नेली तर खर्च वाढतो, वळणं वाढतात, वाहतुकीचा धोका असतो, हे अभियंत्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ते शेतकऱ्यासमोर बसून, नकाशा पसरून सांगितलं गेलं असतं तर लढा न्यायालयात गेला असता का?

केरळात २०१७च्या नोव्हेंबरात कोळिकोड जिल्ह्यातल्या मुक्कमला कोची-मंगळूर वायूवाहिनीच्या विरोधात आंदोलन पेटलं, लाठीमार झाला. त्यानंतर राज्य सरकारनं भरपाई वाढवली आणि अगदी तुटपुंजी जमीन असलेल्यांसाठी वेगळी सोय केली. ४५० किलोमीटरची ती लाइन ५ जानेवारी २०२१ला सुरू झाली. म्हणजे विरोध झाल्यानं लाइन बुडाली नाही. फक्त आधी द्यायला हवं होतं ते लाठ्यांनंतर दिलं गेलं.

दिलसुखनगरच्या प्रत्येक इमारतीतलं एखादं मूल अमेरिकेत असतं. माझ्या शेजारच्या घरातलं नेब्रास्कात आहे. त्याच्या आईवडिलांशी बोलताना कीस्टोन एक्सएलचा विषय निघाला, कारण तिकडच्या बातम्यांत तो वर्षानुवर्षं गाजला. कॅनडातलं जड तेल अमेरिकेत आणणारी सुमारे १,९०० किलोमीटरची ती नळी. २००८ साली परवान्यासाठी अर्ज झाला. ती सँडहिल्स या वाळूच्या टेकड्यांच्या नाजूक भागातून, ओगल्लाला या प्रचंड भूजलसाठ्यावरून जाणार म्हणून नेब्रास्कातल्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासी जमातींनी तिला अडवलं. त्यामुळे मार्ग बदलावा लागला. संसदेनं मंजुरीचं विधेयक आणलं, तर ओबामांनी फेब्रुवारी २०१५मध्ये नकाराधिकार वापरला आणि नोव्हेंबरात अर्जच फेटाळला. ट्रम्प यांनी २०१७ साली परवाना दिला, बायडेन यांनी २० जानेवारी २०२१ रोजी, सत्तेच्या पहिल्याच दिवशी तो रद्द केला. त्याच जूनमध्ये कंपनीनं प्रकल्प सोडला.

बारा वर्षांचा तो खेळ मला आदर्श वाटत नाही. दर निवडणुकीनंतर निर्णय उलटापालटा होणं हा कारभार नव्हे, आणि आपल्याला तो परवडणारही नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. नेब्रास्कातला मका पिकवणारा शेतकरी उठून सुनावणीत बोलू शकला आणि त्याच्या बोलण्यानं मार्ग हलला. तिकडे बारा वर्षं, इकडे एकवीस दिवस. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी माणसाला नीट विचारण्याइतका वेळ असणार.

विचारणं हा केवळ मानाचा प्रश्न नाही. २७ जून २०१४, तेलंगण वेगळं झाल्याला महिनाही झाला नव्हता. आंध्रात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात पहाटे गेलच्या वायूवाहिनीतून गळती झाली आणि स्फोट झाला. वीसहून अधिक माणसं गेली, नारळाच्या बागा कोळसा झाल्या. कोरड्या वायूसाठी बांधलेल्या नळीतून ओला वायू वाहत होता आणि त्यामुळे नळी आतून गंजली होती, असं चौकशीत पुढे आलं. वायूची नळी आणि तेलाची नळी यांत फरक आहे, हे मान्य. पण जमिनीखाली काय पुरलं आहे, त्यातून काय वाहतं आणि वास आला तर कुठे फोन करायचा, हे गावाला मंजुरीच्या दिवसापासून ठाऊक असायला नको का? हे सांगण्याची हक्काची जागा जनसुनावणी. ती ठेवलेलीच नाही.

माझा मामा सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात राहतो. पाच एकर जमीन, त्यातली दीड एकर विहिरीवर, बाकी कोरडवाहू. मी कॉलेजात असताना त्याच्या शेतातून एक लाइन गेली. कोणत्या कंपनीची ते इथे लिहीत नाही. सूचना चावडीच्या फळ्यावर लागली तेव्हा मामा आळंदीहून पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेवर होता. वारी करून, काला घेऊन, पाय चेपत घरी आला तोवर हरकतीची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. तालुक्याच्या गावी जाऊन कागद कोणाकडून लिहून घ्यायचा, कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायचा, हे कळेपर्यंत तेही गेले.

इतक्या वर्षांनी या लेखासाठी मी त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, "मामा, तेव्हा तुझी हरकत काय होती नेमकी?"

मामा शेतातल्या नळीच्या खुणेच्या खांबाजवळ उकिडवा बसला. "मी काय नको म्हणत नव्हतो रे. देशाचं काम आहे म्हणल्यावर नको कसं म्हणायचं? खालच्या बांधाकडनं न्या, एवढंच म्हणणार होतो. चाळीस फूट सरकवली असती तर माझं रान मधोमध फाटलं नसतं."

पुढे शेततळ्याची योजना आली तेव्हा त्यानं अर्ज केला. पाणी साठेल अशी शेतातली एकच सखल जागा, आणि पट्टा नेमका तिच्यावरून गेलेला. तळं खोदता येईना. शेवटी त्यानं वरच्या अंगाला तळं घेतलं. तिथे पाणी आपोआप येत नाही, मोटार लावून चढवावं लागतं. वीज रात्रीची आली की मामा बॅटरी घेऊन उठतो. बांधावर लावलेली दोन आंब्याची रोपं पट्ट्यात येतात म्हणून लाइन वॉकरनं काढायला सांगितली. तोही गावाकडचाच पोरगा, त्यानं हात जोडून सांगितलं आणि मामानं स्वतःच्या हातानं ती उपटली. ही गोष्ट मामानं कधी घरी सांगितली नव्हती. मामीला त्या दिवशी माझ्यासमोर कळली.

मी त्याला राजपत्रातले रकाने दाखवले. त्याचा गट नंबर, समोर आर आणि चौरस मीटर. त्यानं चष्मा लावून आकडा बोटानं धरला आणि मनात गुंठे केले. "चोवीस," तो म्हणाला. पाच एकरांतले चोवीस गुंठे. मिळालेल्या पैशांतून तेव्हा थोरल्याच्या शाळेची फी आणि बैलाची एक जोडी झाली होती. बैल केव्हाच गेले.

आता वाटणीचं निघालं आहे. दोन मुलं, अडीच-अडीच एकर. मोजणीवाला येऊन गेला, कच्चा नकाशा झाला. पट्टा आडवा असल्यामुळे कशीही रेघ मारली तरी एकाच्या वाट्याला त्याचा मोठा तुकडा येतो. सातबाऱ्यावर इतर हक्कांत नळीची नोंद आहे आणि ती वाटणीबरोबर उतरणार. धाकट्याला घर बांधायचं आहे आणि रस्त्याकडची जागा पट्ट्यात अडकली आहे. थोरला म्हणतो, मी पट्टा घेतो, पण पाच गुंठे वाढवून द्या. धाकटा म्हणतो, तीन. दोघं एकमेकांशी चांगलेच बोलतात, पण नकाशावरच्या त्या दोन समांतर रेघांपाशी आले की दोघांचाही आवाज बदलतो.

मी निघालो त्या संध्याकाळी मामा पुन्हा शेतात होता. खांबापासून खालच्या बांधापर्यंत तो पावलं मोजत चालत गेला, परत आला, आणि पुन्हा मोजायला लागला.